मोठी बाटली एकदाच कलते: घरच्या आल्याच्या बीअरसाठी कुठला ग्लास घ्यावा

घरी आंबवलेल्या आल्याच्या बीअरची मोठी बाटली एकदाच कलवायची असते. मध्येच उभी केली की तळाशी निवळलेला साका उठतो आणि उरलेली सगळी बाटली गढूळ होते. ग्लास निवडताना ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यावी. ३३० मिलीची बाटली एका दमात एका ग्लासात रिकामी होते, तिथे फारसा विचार करावा लागत नाही. ६५० मिली, ७५० मिली आणि एक लिटरच्या बाटलीला मात्र आधी हिशेब मांडावा लागतो. म्हणून बेळगावच्या बाजारात सहज मिळणारे आणि बाहेरून मागवावे लागणारे ग्लास इथे चार कसोट्यांवर तपासले आहेत: बाटली एका कलण्यात रिकामी होते का, वायू टिकतो का, आल्याचा वास नाकापर्यंत येतो का, आणि ग्लास नीट धुता येतो का.

इथे बीअर म्हणजे आल्याची. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, बीअर करायला कर्नाटकात अबकारी परवाना लागतो, त्यामुळे ती घरी करण्याचा विषय इथे नाही. ओतण्याचं आणि काचेचं शास्त्र मात्र दोन्हींचं बरंचसं सारखं आहे. फरक दोन ठिकाणी पडतो. माल्टच्या बीअरमध्ये धान्यातली प्रथिनं असतात, म्हणून तिचा फेस टिकतो. आल्याच्या बीअरचा फेस जोरात उसळतो आणि थोड्याच वेळात बसतो. दुसरं म्हणजे वायू. माल्टच्या बीअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम, म्हणजे एक लिटर पेयात अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. आल्याची बीअर तीन ते साडेतीन व्हॉल्यूमला चांगली लागते. थोडक्यात, फेस कमी टिकतो पण ओततानाची उसळी मोठी असते. माल्टच्या बीअरसाठी नावाजलेला प्रत्येक ग्लास इथे चालेलच असं नाही, ते यामुळेच.

आधी हिशेब

मोठ्या बाटलीतलं शेवटचं ४० मिली ग्लासात घ्यायचं नाही. माल्टच्या बीअरचा साका म्हणजे मुख्यतः यीस्ट, तो तळाला बऱ्यापैकी घट्ट बसतो. आल्याच्या साक्यात यीस्टच्या बरोबरीने आल्याचं सत्त्व असतं, पांढरं आणि सैल. ते जरा हललं तरी वर येतं. म्हणून ४० मिली सोडावेच लागतात.

आता फेसाची जागा. आतून ७ सेंमी व्यास असलेल्या ग्लासात २ सेंमी फेस म्हणजे जवळपास ७७ मिली. तोंड साडेआठ सेंमीचं असेल तर तेवढ्याच उंचीला ११३ मिली लागतात. ७ सेंमीचा ग्लास धरून चालू.

६५० मिलीच्या बाटलीतून ६१० मिली ओतायचं. दोन ग्लास केले तर प्रत्येकी ३०५ मिली, अधिक फेसाचे ७७, म्हणजे ३८२. काठोकाठ ४०० मिली मावणारा ग्लास इथे अगदी बरोबर बसतो. ७५० च्या बाटलीतून ७१० मिली निघतं. दोघांत वाटलं तर प्रत्येकी ३५५ अधिक ७७, म्हणजे ४३२, त्याला ४५० चा ग्लास हवा. तिघांत वाटलं तर ३१४, म्हणजे ३३० चा. एक लिटरच्या बाटलीतून ९६० निघतं. तिघांत ३९७ होतात आणि ४०० चा ग्लास काठावर येतो, म्हणून ४१५ ते ४२० चा घ्यावा. चौघांत ३१७, पुन्हा ३३० चा.

यातून निघणारा सल्ला सरळ आहे. एकच संच घ्यायचा असेल तर काठोकाठ ४०० ते ४२० मिलीचा घ्या. त्यात ६५० ची बाटली दोघांत, ७५० ची तिघांत आणि लिटरची तिघा-चौघांत व्यवस्थित वाटली जाते. घरात नेहमी चार-पाच माणसं पिणारी असतील तर ३३० चा संच जास्त उपयोगी. ३०० च्या खालचा ग्लास मोठ्या बाटलीसाठी घेऊच नये. तो भरेपर्यंत फेस काठावर येतो, थांबावं लागतं, आणि थांबण्यासाठी बाटली उभी करावी लागते.

खोक्यावर मिलीऐवजी औंस छापलेले असतील तर अमेरिकन औंस २९.६ मिलीचा धरा. १४ औंस म्हणजे ४१४ मिली, १६ औंस म्हणजे ४७३. इंग्लंडची पिंट २० ब्रिटिश औंसांची, म्हणजे ५६८ मिली. हे सगळे आकडे बहुधा काठोकाठचे असतात. आकडा छापलेलाच नसेल तर मोजपट्टी पुरते. आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला आतल्या उंचीने आणि मग ०.७८५ ने गुणा. ७ सेंमी व्यास आणि साडेदहा सेंमी उंचीचा सरळ ग्लास ४०४ मिलीचा निघतो. घरी आणल्यावर स्वयंपाकाच्या काट्यावर रिकामा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली.

ओतण्याची रीत

ग्लास कितीही चांगला असला तरी बाटली कोमट असेल तर सगळा पसारा टेबलावर येतो. बाटली फ्रिजमध्ये उभी, किमान २४ तास ठेवावी. ४८ तास मिळाले तर साका घट्ट बसतो. आडवी ठेवलेली बाटली ओतायच्या वेळी उभी करून उपयोग नाही, कारण साका कुशीला चिकटलेला असतो.

ग्लास एका ओळीत, काठाला काठ लावून मांडा. प्रत्येक ग्लास थंड पाण्याने विसळून पालथा झटका, पुसू नका. ओली काच गुळगुळीत वागते, कोरड्या काचेवर वायूला धरायला जागा मिळते आणि फेस उसळतो. तारेच्या क्लिपचं बूच तळव्याने दाबून धरत मोरीवर हळूहळू सैल करा. नुसती क्लिप उडवली की दाब एकदम सुटतो आणि तळाचा साका बुडबुड्यांबरोबर वर येतो. म्हणजे ओतायच्या आधीच काम बिघडलं.

पहिला ग्लास ४५ अंशांत कलवून, भिंतीच्या कडेने ओता. बाटलीच्या मानेत पेयाच्या वर हवेची फट राहील इतकंच तिला कलवा. मान पूर्ण भरली की हवा गचके देत आत शिरते, आणि प्रत्येक गचक्याला तळ ढवळला जातो. पहिल्या फेरीत प्रत्येक ग्लास एक तृतीयांश भरा. फेस बसेपर्यंत बाटली उभी करू नका, धार थांबेल इतकीच मान वर घ्या आणि हात स्थिर ठेवा. मग दुसरी फेरी उलट दिशेने. पहिली धार सर्वांत निवळ आणि शेवटची सर्वांत दाट असते, त्यामुळे उलट फेरीने सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. मानेपाशी पांढुरकी रेघ सरकताना दिसली की थांबा.

चार ग्लासांवर बाटली फिरवताना हात थरथरत असेल तर जग वापरावा. रुंद बुडाचा, दीड लिटरचा काचेचा जग विसळून थंड करा, बाटली एका कलण्यात त्याच्या भिंतीवरून रिती करा आणि मग निवांत वाटा. थोडा वायू जातो, पण तीन व्हॉल्यूमच्या वरच्या पेयात ते जाणवत नाही. लिटरच्या बाटलीसाठी आमच्या मते जग हाच शहाणपणाचा मार्ग. मग ग्लासाचा आकारही तितका नेमका लागत नाही.

एक आनुषंगिक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे तीच बाटली, त्याच तापमानाला पणजीपेक्षा इथे थोडी जास्त फेसाळते. फेसासाठी वर धरलेली दोन सेंमी जागा इथे जास्त वाटत नाही, ती लागतेच.

कुठला ग्लास कसा

*साधा सरळ टंबलर.* गणपत गल्ली, खडेबाजार भागातल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळेल असा. येरा या भारतीय किंवा थायलंडच्या ओशन कंपनीच्या उंच टंबलरपैकी ३३० ते ४२० मिलीचा सरळ भिंतीचा, पातळ काचेचा घ्यावा. हात आत जातो, धुणं सोपं, एक फुटला तर जोडीदार मिळतो. वास राखण्यात तो कमी पडतो, कारण तोंड बुडाइतकंच रुंद असतं. तरीही रोजच्या वापराला आमची पहिली पसंती हाच. वरच्या बाजूला फार फाकलेला घेऊ नका. त्यात फेस पसरतो, लवकर बसतो आणि वायूही लवकर जातो.

*कानाचा जाड मग.* बीअर म्हटलं की हाच डोळ्यासमोर येतो, आणि आल्याच्या बीअरसाठी इथे सगळ्यात जास्त फसगत याच्याच बाबतीत होते. बूड इतकं जाड असतं की बाहेरून अर्ध्या लिटरचा वाटणारा मग आतून ३५० मिलीचाही निघू शकतो. मोजल्याशिवाय घेऊ नये. दुसरा दोष उष्णतेचा. एप्रिलमध्ये कपाटातला ग्लास ३२ अंशांवर असतो असं धरा. ५०० ग्रॅम वजनाच्या मगात ६ अंशांवरची ३०५ मिली बीअर ओतली की नुसत्या काचेच्या उष्णतेने ती साडेबारा अंशांपर्यंत चढते. १८० ग्रॅमच्या पातळ टंबलरमध्ये तीच बीअर नऊ अंशांच्या आत राहते. तापमान सहा अंशांनी वाढलं की वायू सुटू लागतो, आणि मग भरताना अर्धा फेसच असतो. कान असल्यामुळे हाताची ऊब लागत नाही हे खरं, पण तो फायदा मग आधीपासून थंड असेल तरच. तेव्हा मग वापरायचाच असेल तर ओतण्याआधी पंधरा मिनिटं थंड पाण्यात बुडवून ठेवा.

फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. आत जमलेल्या हिमाच्या प्रत्येक कणावर बुडबुडा तयार होतो आणि ग्लास फेसाने उतू जातो. शिवाय इतक्या गारठ्यात आल्याचा वासच उठत नाही. आणि साधी काच तापमानाचा एकदम बदल सोसत नाही. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना हे सांगायला नको, तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की तडा. तो कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीचा. त्याहीआधी, १९०८ साली, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. काचेच्या वस्तू आपल्या भागात शंभर वर्षांहून जास्त काळ बनत आल्या आहेत, पण गार-गरमचा नियम तेव्हाही तोच होता.

*बोरोसिलिकेट.* बोरोसिलची ओळख याच काचेमुळे. साध्या काचेच्या मानाने ही तापल्यावर जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून उकळता चहा-काढा सोसते. गार पेयाला या गुणाचा उपयोग नाही. पण बोरोसिलिकेटचे ग्लास सहसा पातळ आणि हलके असतात, आणि त्याचा फायदा वर सांगितलेल्या तापमानाच्या हिशेबात होतो. चहाला आणि आल्याच्या बीअरला एकच संच हवा असेल तर जरूर घ्या. दुहेरी भिंतीचे ग्लास पावसाळ्यात चांगले, बाहेरून घाम येत नाही आणि पेय बराच वेळ गार राहतं. फक्त बाहेरच्या आकारावर जाऊ नका, आत बरंच कमी मावतं. आणि दोन भिंतींच्या मधे पाणी शिरलेलं दिसलं तर तो ग्लास टाकून द्या, तडा गेलेला असतो.

*वाइत्सेन.* जर्मनीतला गव्हाच्या बीअरचा उंच, कमरेत बारीक ग्लास. तो अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी बनलेला आहे. खुणेपर्यंत ५०० मिली आणि वर फेसाला मोकळी जागा. ६५० ची आख्खी बाटली एकाच ग्लासात घालावी म्हणून हा घ्यायचा मोह होतो. ६१० अधिक फेस म्हणजे ६८७ मिली, आणि अर्ध्या लिटरचा वाइत्सेन काठोकाठ भरूनही तिथपर्यंत जेमतेम पोचतो. ७५० ची बाटली दोघांत वाटायला मात्र तो छान. गव्हाच्या बीअरमध्ये शेवटचा साका मुद्दाम घुसळून ओततात, ती रीत इथे उचलू नये. आल्याचं सत्त्व जिभेवर खडूसारखं लागतं. या ग्लासाचा खरा त्रास धुण्यात आहे. बुडाशी हात पोचत नाही, लांब दांड्याचा ब्रश लागतो, आणि बूड अरुंद असल्यामुळे मोरीच्या कट्ट्यावर तो आडवा होतो.

*ट्युलिप, टेकू आणि वाइनचे ग्लास.* वासासाठी हे सर्वांत चांगले. पोट फुगीर आणि तोंड आत वळलेलं असल्यामुळे आल्याचा आणि लिंबाच्या सालीचा वास तोंडाशी साठून राहतो. टेकू हा इटलीत २००६ साली बीअर चाखण्यासाठी बनवलेला ग्लास. तो मागवावा लागतो आणि घरगुती वापराला महाग पडतो. त्याच्याऐवजी ४२० मिलीचा, आखूड दांडीचा वाइन किंवा पाण्याचा गॉब्लेट घेतला तर काम जवळपास तेच होतं. वाइनसारखा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत न भरता ३०० मिलीपर्यंत भरा. ताजं आलं, इंडीचं लिंबू आणि हलका गूळ अशी नाजूक चवीची बीअर असेल तर आमचं मत याच ग्लासाला. घरात लहान मुलांची धावपळ असेल तर दांडी टिकत नाही, मग टंबलरच बरा.

*नॉनिक आणि शेकर पिंट.* नॉनिकच्या वरच्या भागात फुगवटा असतो, त्यामुळे ग्लास एकात एक घातले तरी अडकत नाहीत आणि काठाचे कपचे उडत नाहीत. ५६८ मिलीचा, म्हणजे ७५० च्या दुहेरी वाटणीलाही मोठाच. शेकर पिंट ४७३ मिलीची, भिंत जाड, वर फाकलेली. दोन्ही चालतात, पण मुद्दाम शोधत फिरावं असं त्यांत काही नाही.

*तांब्याचा पेला नको.* आल्याची बीअर तांब्याच्या मगात देण्याची पद्धत हॉटेलांत दिसते, आणि आपल्या घरी तांब्याचे पेले असतातच. लिंबू घातलेल्या आल्याच्या बीअरचा सामू (पीएच) ३ च्या आसपास असतो. ६ च्या खालच्या आंबट पदार्थाशी उघडं तांबं आलं की ते पेयात उतरतं. मळमळ, उलटी होऊ शकते. ताक-चिंच कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवायचं नाही, हा घरातला नियम इथेही लागू आहे. हॉटेलांतल्या चांगल्या मगांना आतून स्टीलचं अस्तर असतं. पितळेलाही हाच नियम. स्टीलचा पेला निर्धोक आहे, फक्त साका आला की नाही ते दिसत नाही.

*मातीचे मग.* खानापूरला केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे आणि त्या भागातली लाल माती चांगली. पण बिनझिलईचा मग या पेयाला योग्य नाही. त्याच्या लाखो बारीक छिद्रांवर वायू एकदम सुटतो, पेय दोन मिनिटांत सपक होतं आणि माती आल्याचा वास धरून ठेवते. आतून गुळगुळीत झिलई असेल आणि ती अन्नासाठी सुरक्षित असल्याची खात्री असेल तर चालेल.

दुकानात काय तपासावं

काठावरून बोट फिरवा. आगीवर गोलावलेला काठ गुळगुळीत लागतो. कापून सोडलेल्या काठाला धार किंवा जाड गोट असतो, त्यावरून ओठाशी पेय सांडतं. मग ग्लास काउंटरच्या काचेवर ठेवून हलवा, डुगडुगला तर नको. मडकं घेताना मारतो तशी टिचकी मारा. आवाज खणखणीत यायला हवा, बद आवाज म्हणजे कुठेतरी केसासारखा तडा. शेवटी आतून नख फिरवून बुडाला कोरलेली खूण आहे का पाहा. काही बीअरच्या ग्लासांच्या तळाशी मुद्दाम खरखरीत नक्षी कोरलेली असते, तिथून बुडबुड्यांची माळ सुरू राहते आणि फेस ताजा राहतो. माल्टच्या बीअरला ती उपयोगी. साडेतीन व्हॉल्यूमच्या आल्याच्या बीअरला तीच नक्षी म्हणजे उतू जाण्याचं निमंत्रण. तळ साधा असलेलाच घ्या.

सहाचा खोका घेण्याआधी तोच ग्लास सुटा मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर दोन फुटल्यावर चाराचा विजोड संच उरतो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथे विशेष आकारांची निवड जास्त मिळेल. ऑनलाइन मागवताना दांडीचे ग्लास आले की खोकं उघडण्याआधी हलवून ऐका.

बाटलीबद्दल थोडं, कारण धोका तिथे आहे

एक लिटर पेयात यीस्टने चार ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक व्हॉल्यूम वायू तयार होतो. गोड आल्याच्या बीअरमध्ये बाटली भरताना लिटरला ८० ग्रॅम साखर शिल्लक असेल, तर ती सगळी आंबली की वीस व्हॉल्यूम होतील. इतका दाब कुठलीही काच सोसणार नाही. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर सोड्याची एक लहान प्लॅस्टिकची बाटली भरून बाजूला ठेवा. ती दाबून पाहिली असता दगडासारखी घट्ट लागली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. २५ ते २८ अंशांत हे दोन दिवसांतही होतं. उन्हाळ्यात त्याहून लवकर, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तपासा. जितके दिवस बाहेर राहील तितका वायू आणि थोडं का होईना, अल्कोहोलही वाढतं, त्यामुळे लहान मुलांना देऊ नये. चौकोनी किंवा शोभेच्या बाटल्या वापरू नका, कोपऱ्यांवर ताण साठतो. भंगारातून आणलेल्या ६५० च्या तपकिरी बाटल्यांवर घासलेल्या पांढऱ्या वळ्या दिसत असतील तर त्या बऱ्याच वेळा वापरून झालेल्या असतात, त्या सोडून द्या.

धुणं

नवा ग्लास बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण घासणी. ज्या घासणीने कढई घासली तिचं तेल ग्लासाला लागतं आणि फेस जागच्या जागी मरतो. दूध, लस्सी, ताक प्यायलेल्या ग्लासात स्निग्धांश आणि प्रथिनांचा पातळ थर राहतो, त्याचाही तोच परिणाम. ग्लासांची घासणी वेगळी ठेवा आणि हे ग्लास ताकाला देऊ नका. साबण कमी, विसळणं जास्त.

ग्लास खरोखर स्वच्छ आहे का हे मिठाने कळतं. ओल्या ग्लासात बारीक मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक, जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरट पापुद्रा चढतो. तो चुन्याचा. नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही, त्याच्या खरखरीवर वायू सुटतो आणि बीअर उतू जाते म्हणून तो काढायचा. कोमट पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, किंवा पिळलेल्या लिंबाच्या फोडीने चोळा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा.

कापडाने आतून पुसू नका. पंचाचे तंतू काचेला चिकटतात आणि प्रत्येक तंतूवर बुडबुड्यांची रांग लागते. एखाद्या ग्लासात एकाच जागेवरून सतत बुडबुडे उठताना दिसले तर तिथे तंतू किंवा ओरखडा आहे. तंतू असेल तर पुन्हा धुतल्यावर थांबतो. ओरखडा असेल तर तो ग्लास पाण्यासाठी वेगळा ठेवा. वाळवताना जाळीवर पालथा घाला, सपाट कट्ट्यावर नको. कोंडलेल्या ओलसर हवेचा वास काचेत राहतो, आणि पुढच्या बाटलीचा पहिला घोट घेताना आल्याच्या आधी तोच येतो.